अडचण घरातली, शोध मुलांचा

शाळा सुरू झाल्या की परिपत्रकांचा ढीग येऊन पडतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, गणवेश, पोषण आहार, आधार जोडणी. याच ढिगात एक परिपत्रक विज्ञान स्पर्धेचेही असते. विद्यार्थ्याला स्वतःला सुचलेले एखादे उपकरण किंवा एखादी युक्ती त्यात मागवलेली असते. पुष्कळ शाळांत हे परिपत्रक सूचनाफलकावर लागते आणि पावसाळा संपेपर्यंत तिथेच राहते. घरापर्यंत पोहोचलेच, तर "अभ्यास सोडून हे काय नवीन?" असा प्रश्न येतो आणि विषय संपतो.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे शिक्षक. विज्ञान हा आमचा विषय नाही. पण मुलाला सुचलेली गोष्ट चार सरळ वाक्यांत कागदावर उतरवायची वेळ आली की मुले भाषेच्या शिक्षकाकडेच येतात. त्यामुळे गेल्या काही वर्षांत अशा पुष्कळ कल्पना आम्ही जवळून पाहिल्या. त्यांवरून आमचे एक मत पक्के झाले आहे. या स्पर्धांना जे भांडवल लागते ते आपल्या घरांत भरपूर आहे. कमी पडते ते इतकेच, की घर आणि शाळा मिळून मुलाला तिथपर्यंत पोहोचवत नाहीत.

स्पर्धा कोणत्या आहेत?

सर्वांत मोठी योजना केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची आहे. तिचे नाव 'इन्स्पायर मानक'. अहमदाबादच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या सहकार्याने ती चालते. देशभरातून दहा लाख कल्पना जमवायच्या, त्यांतून एक लाख निवडायच्या आणि निवडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या बँक खात्यात नमुना तयार करण्यासाठी थेट 10,000 रुपये जमा करायचे, अशी तिची आखणी आहे. पुढे जिल्हा प्रदर्शन, मग राज्य, मग राष्ट्रीय प्रदर्शन. राज्य पातळीवर 10,000, राष्ट्रीय पातळीवर 1,000 आणि शेवटी 60 पुरस्कार अशी ती चाळणी आहे. सहावी ते दहावीसाठी सुरू झालेली ही योजना आता अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनाही खुली झाली आहे. कल्पना इंग्रजीतच लिहिली पाहिजे अशी अट नाही, भारतीय भाषांतून ती देता येते.

एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात ठेवावी. या योजनेत विद्यार्थी परस्पर अर्ज करू शकत नाही. नाव शाळेने पाठवायचे असते, आणि प्रत्येक शाळेला ठरावीक संख्येतच नावे पाठवता येतात. शाळेने नोंदणीच केली नाही, तर त्या शाळेतले सगळ्यांत हुशार डोकेही स्पर्धेबाहेर राहते.

दुसरी स्पर्धा 'इग्नाइट'. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने 2008 साली ती सुरू केली आणि पुढे तिला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव दिले. तिची गंमत अशी, की तयार नमुना द्यावा लागत नसे, कल्पना पुरेशी असे. शाळा सुटलेल्या सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही तिने दार उघडे ठेवले. कल्पना खरोखर नवी असेल, तर ती प्रत्यक्ष बनवून घेणे आणि मुलाच्या नावाने पेटंटचा अर्ज करणे हे काम फाउंडेशन करत असे.

याशिवाय निती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने 2016 पासून शाळांमध्ये 'अटल टिंकरिंग लॅब' उभारल्या आहेत. निवडलेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्रिमितीय प्रिंटर, सेन्सर, मोटारी, साधी हत्यारे असे सगळे तिथे असते. देशात अशा सुमारे दहा हजार प्रयोगशाळा झाल्या, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी 50,000 उभारण्याची घोषणा झाली. आपल्या मुलाच्या शाळेत ही प्रयोगशाळा आहे का, असल्यास तिचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते, हे पालक सभेत विचारायला हरकत नाही.

कल्पना येते कुठून?

तमिळनाडूतील तिरुवण्णामलै गावची विनिशा उमाशंकर शाळेतून घरी येताना रस्त्यावरच्या इस्त्रीवाल्याला पाहायची. लोखंडी इस्त्रीत कोळसा पेटवायचा, धूर नाकातोंडात घ्यायचा, काम संपल्यावर राख आणि विझलेला कोळसा बाजूला टाकून द्यायचा. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तिने त्यावर विचार केला आणि छपरावर सौरपट्ट्या बसवलेली, तीन चाकांची इस्त्रीची गाडी सुचवली. पाच तासांच्या चांगल्या उन्हावर सहा तास इस्त्री चालते, आणि गाडी असल्यामुळे इस्त्रीवाला गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जाऊ शकतो. 2019 साली तिला 'इग्नाइट' पुरस्कार मिळाला. 2021 मध्ये ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत ती बोलायला उभी राहिली, तेव्हा ती शाळेतच होती.

ओडिशाची ललिता प्रसिदा हिने मक्याची कणसे पाहिली. दाणे काढून घेतले की उरलेला बुरकुंडा फेकला जातो किंवा जाळला जातो. त्याच बुरकुंड्यांचे थर लावून तिने सांडपाण्यातील घाण अडवणारी गाळणी तयार केली. 2015 च्या गुगल सायन्स फेअरमध्ये समाजोपयोगी प्रकल्पाचा 10,000 डॉलरचा पुरस्कार तिला मिळाला, तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

रिफत शारूक हा तमिळनाडूच्याच पल्लपट्टी या छोट्या गावातला मुलगा. 'क्यूब्स इन स्पेस' या स्पर्धेची अट अशी, की चार सेंटिमीटरच्या डबीत मावेल आणि 64 ग्रॅमपेक्षा जास्त भरणार नाही असा प्रयोग तयार करायचा. रिफत आणि त्याच्या साथीदारांनी त्रिमितीय प्रिंटरवर छापलेल्या कार्बन फायबरचा नेमका 64 ग्रॅमचा लहानसा उपग्रह केला आणि त्याला 'कलामसॅट' नाव दिले. 22 जून 2017 रोजी नासाच्या वॉलॉप्स तळावरून तो रॉकेटमध्ये बसून अंतराळाच्या कडेपर्यंत जाऊन आला.

तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. काय करायचे ते आधी स्पष्ट होते. इस्त्रीवाल्याचा धूर थांबवायचा, गढूळ पाणी गाळायचे, 64 ग्रॅमच्या आत बसवायचे. यंत्र नंतर आले.

खुद्द डॉ. कलाम यांच्या आयुष्यातही अशी एक गोष्ट आहे. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधील अस्थिरोग विभागात त्यांनी पोलिओ झालेली मुले पाहिली. प्रत्येकाच्या पायात तीन किलोच्या आसपास वजनाचे लोखंडी कॅलिपर, ते ओढत मुले चालत होती. क्षेपणास्त्रासाठी जो हलका पदार्थ त्यांच्या प्रयोगशाळेत वापरला जात होता, त्यापासून त्यांनी सुमारे 300 ग्रॅमचे कॅलिपर बनवून घेतले. अग्नी क्षेपणास्त्र उडवणारे कलाम या कॅलिपरविषयी शेवटपर्यंत फार समाधानाने बोलत.

आपली घरे म्हणजे कारखानेच

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीची यंत्रमागाची घरे घ्या. कोकणातली मासेमारीची घरे घ्या. गॅरेज, वेल्डिंग, शिलाई, बेकरी, पंक्चरचे दुकान, फर्निचरचे काम. आपल्या मुलांना दहाव्या वर्षी पान्ह्याचे नंबर पाठ असतात. सुताची तार कुठे तुटते, बॉबिन का अडकते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. जे मूल मोठ्या शहरातल्या शाळेत महागडा संच आणून 'मोटार कशी फिरते' हे शिकते, त्याच्यापेक्षा आपला मुलगा चार पावले पुढे असतो. फक्त ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. उलट, अभ्यासात मागे पडला की "जा आता गॅरेजला" असे ऐकून त्याने एक धडा पक्का केलेला असतो, की हाताचे काम म्हणजे शिक्षा.

जपानमधल्या एका सुताराच्या मुलाची गोष्ट यंत्रमागाच्या गावांनी ऐकण्यासारखी आहे. साकिची तोयोदा त्याचे नाव. आई आणि शेजारच्या बायका हातमागावर खपताना तो लहानपणापासून पाहत होता. त्यांचे श्रम कमी व्हावेत म्हणून त्याने सुधारलेला लाकडी हातमाग केला आणि 1891 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे 1924 साली त्याच्या कारखान्यातून जो स्वयंचलित माग बाहेर पडला, तो सुताची तार तुटली की आपोआप थांबत असे. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्या मागाचे हक्क विकत घेतले. पुढे त्याच घराण्याने मोटारी बनवायला घेतल्या. आज रस्त्यावर दिसणाऱ्या टोयोटा गाडीचे मूळ आईच्या मागाशी आहे.

आपल्या परंपरेतही हात आणि लेखणी वेगळे नव्हते. हजरत नूह (अ.) यांनी नौका बांधली, हजरत दाऊद (अ.) लोखंडाची चिलखते बनवत. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी सुमारे शंभर यंत्रांचा ग्रंथ लिहिला. 1206 साली दियारबकरच्या दरबारातील अल-जझरी यांनी पाणी उपसणारी यंत्रे, जलघड्याळे, हात धुण्याची यंत्रे यांचे पुस्तक पुरे केले. त्यात नुसते वर्णन नाही. कोणता भाग कशाचा, किती मापाचा, कसा जोडायचा, हे इतके तपशिलाने लिहिले आहे की 1976 साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्यांचे एक मोठे घड्याळ पुन्हा उभे करता आले. दरबारातला हा विद्वान स्वतः कारागीर होता. हा वारसा आपण जलशातल्या भाषणात सांगतो, आणि घरात पान्हा धरलेल्या मुलाला मात्र कमी लेखतो.

दादाजानचा वुजू आणि आठवीची मुलगी

आम्ही वर्गात मुलांना एकच प्रश्न घरी घेऊन जायला सांगतो. "घरात कोणत्या कामामुळे कोणाला त्रास होतो?" आठवडाभर पाहायचे आणि वहीत लिहायचे. उपाय लगेच सुचवायचा नाही.

उत्तरे वाचण्यासारखी असतात. कांड्या भरून अम्मीचे मनगट सुजते. नानीला सुईत दोरा ओवता येत नाही. अब्बूंना पंक्चर काढताना चाक एका हाताने धरून ठेवावे लागते. आठवीतल्या एका मुलीने लिहिले होते, "दादाजानचे गुडघे दुखतात. वुजूत पाय धुताना ते एका पायावर उभे राहतात. एकदा घसरले."

तिने पुठ्ठ्याचा नमुना केला. बसायला चौरंग, पाय ठेवायला पुढे उतरता कठडा आणि नळासाठी पायाने दाबायची पट्टी. हात मोकळे राहावेत आणि पाय उचलला की पाणी थांबावे, असा तिचा हिशेब. मामूंच्या गॅरेजमधून सायकलची जुनी ब्रेकवायर आणि स्प्रिंग आणली. नळ उघडायला लागला. सगळे खूश. मग दादाजानला बसवून पाहिले. स्प्रिंग इतकी कडक होती की त्यांना ती दाबताच येईना. स्प्रिंग बदलली, तर दुसरी अडचण. पट्टी उजव्या पायाशी होती. उजवा पाय धुवायची वेळ आली की पट्टी दाबायची कोणी?

दोन दिवस विचार करून तिने उपाय काढला. एका पायापुरत्या पट्टीऐवजी आडवी लांब पट्टी बसवली, म्हणजे उजवा पाय कठड्यावर असेल तेव्हा डाव्याने दाबायची आणि डावा असेल तेव्हा उजव्याने. साधी गोष्ट. पण दादाजानला प्रत्यक्ष बसवल्याशिवाय ती कोणालाही सुचली नव्हती.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा वुजू एका मुद्द पाण्यात होत असे, म्हणजे ढोबळमानाने लिटरच्या आतबाहेर. हे मुलांनी दीनियातच्या तासाला वाचलेले असते. आपल्या वुजूखान्यात नळ सुरू ठेवून किती पाणी जाते, हे त्या मुलीने बादली लावून मोजले आणि आपल्या नळाचेही मोजले. तिच्या वहीतले ते पान परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ पाहिले.

जिल्हा प्रदर्शनासाठी तिची निवड झाली, तेव्हा तिच्या अब्बूंनी नकार दिला. मुलगी दुसऱ्या गावी जाणार, दिवसभर अनोळखी लोकांत उभी राहणार. त्यांची काळजी खोटी नव्हती, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखीही नव्हती. शिक्षिका सोबत असतील आणि अम्मीही येईल, असे ठरले तेव्हा ते तयार झाले. प्रदर्शनात मुलीपेक्षा अम्मीच लोकांना जास्त उत्साहाने समजावून सांगत होती. राज्य पातळीवर ती मुलगी गेली नाही. मात्र तसा एक चौरंग आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत वृद्धांसाठी बसवला आहे, आणि ती मुलगी आज अकरावी विज्ञान शाखेत आहे. मुलींच्या बाबतीत आमचा अनुभव एवढाच, की दार बंद करण्याआधी "सोबत कोण जाईल?" हा प्रश्न विचारला, तर पुष्कळदा मार्ग निघतो.

विकतचा प्रकल्प

बाजारात आता तयार प्रकल्प मिळतात. पैसे द्या, पेटी घ्या, मुलाच्या नावाची चिठ्ठी लावा. काही घरांत काका किंवा शेजारचा इंजिनिअर रात्रभर बसून सगळे करून देतो. अशा मुलाला परीक्षकाने "हा भाग इथेच का बसवलास?" एवढे विचारले की तो खाली पाहतो. आम्ही ते पाहिले आहे, आणि त्या मुलाची कीव येते.

दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवणे याला आपल्याकडे नाव आहे. तो खोटेपणा आहे, आणि तो आपण मुलाला आपल्या पैशाने शिकवतो. अब्बूंनी वेल्डिंग करून द्यायला हरकत नाही. गरम लोखंडाशी मुलाला एकटे सोडूच नये. पण कुठे जोडायचे, का जोडायचे, हे मुलाने ठरवावे, आणि कोणाची मदत घेतली ते उघडपणे सांगावे. परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत.

नाव, खाते आणि गुपित

आता काही रूक्ष पण कामाच्या गोष्टी. एका विद्यार्थ्याची निवड झाली आणि रक्कम महिनोन्‌महिने खात्यात आलीच नाही. शाळेच्या रजिस्टरवर 'शेख', आधारवर 'शैख', बँकेत 'मोहम्मद'चे नुसते 'मो.'. दुरुस्तीसाठी त्याच्या अब्बूंचे तीन दिवसांचे रोज बुडाले, आणि तोवर नमुना उधारीच्या सामानावर करावा लागला. आपल्या नावांच्या बाबतीत हे वारंवार होते. मूल पाचवीत असतानाच तिन्ही ठिकाणचे नाव एकसारखे करून घ्या. दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येईल असे बचत खाते उघडण्यास रिझर्व्ह बँकेने 2014 पासून परवानगी दिली आहे.

दुसरी गोष्ट गुपिताची. एखादी कल्पना खरोखर नवी वाटली, तर तिचा व्हिडिओ काढून लगेच सगळ्या ग्रुपवर पाठवू नका. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, आणि अर्ज करण्याआधी तो जगजाहीर झाला तर हक्क हातचा जाऊ शकतो. आधी शिक्षकांशी बोला. यंत्र कसे काम करते याचे संरक्षण पेटंटने होते, ते वीस वर्षांचे असते. वस्तूचा नुसता आकार किंवा बाह्यरूप नवे असेल, तर त्याची नोंदणी डिझाइन कायद्याखाली वेगळी होते.

पालकांनी काय करावे?

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, यंदा 'इन्स्पायर मानक'ची नोंदणी झाली का, आणि शेवटची तारीख कोणती. पालकांनी विचारले की परिपत्रक फलकावरून खाली उतरते.

घरात एक जुनी पेटी मुलाच्या हवाली करा. बिघडलेला मिक्सर, जुने घड्याळ, तुटका पंखा त्यात टाका. विजेला जोडलेली वस्तू मात्र मोठ्यांशिवाय उघडू देऊ नका.

मुलाला एक वही द्या. काय पाहिले, काय केले, काय बिघडले, हे तारखेसह त्याने आपल्या भाषेत लिहावे. उर्दूत लिहिले तरी चालेल, मराठीतही चालेल.

ज्याच्यासाठी वस्तू बनवली, त्याला ती वापरायला द्या आणि त्याची तक्रार मुलाला शांतपणे ऐकू द्या.

बक्षिसाची भाषा कमी करा. दहा लाखांतून साठ हा हिशेब सांगितलाच आहे. बहुतेक मुले हात हलवत परत येणार. पण ज्या मुलाने एकदा घरातल्या कोणाचा तरी त्रास पाहिला, त्यावर महिनाभर डोके चालवले, चार वेळा चुकून पाचव्यांदा जमवले, त्याला पुढे शाळा सोडायला लावणे सोपे राहत नाही. आपल्या समाजात आठवी-नववीनंतर जी मुले वर्गातून गळतात, त्यांतल्या अनेकांची बुद्धी हातात असते. त्या हातांना शाळेत जागा आहे हे त्यांना दाखवण्याचे एक साधन म्हणजे या स्पर्धा.

परिपत्रक पुढच्या वर्षीही येईल. त्याआधी, आजच रात्री जेवताना मुलांना तो एक प्रश्न विचारून पाहा. घरात कोणत्या कामामुळे कोणाला त्रास होतो? उत्तर ऐकून कदाचित तुम्हीच चकित व्हाल. अल्लाह आपल्या मुलांच्या बुद्धीत आणि हातांत बरकत देवो. आमीन.